गुरुवारी लाईट जाते

मिनलच्या घरात सकाळी दहाला ऊन येतं, हे तिला लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर कळलं. मागच्या खिडकीतून एक पिवळा पट्टा आत शिरतो, आधी शेगडीवर बसतो, मग सरकत सरकत बाहेरच्या खोलीत येतो, बाबासाहेबांच्या फोटोखालची भिंत चढतो आणि साडेअकराला गायब. सोळा वर्षं तो असाच येत असणार. पण त्यातली अकरा वर्षं मिनल त्या वेळी महाळुंग्याच्या एका कंपनीत ट्यूबलाईटखाली उभी असायची, आणि त्याआधीची पाच वर्षं रांगत्या-पळत्या तनुजाच्या मागे गेली. भिंतीकडे बघायला वेळ कुणाला होता.

आता मात्र तिने शिलाई मशीन नेमकं त्या पट्ट्यात सरकवून घेतलं होतं. कुणाला विचारलं नाही, कुणाची सही घेतली नाही. मशीन उचललं (म्हणजे नवऱ्याने, प्रितमने उचललं; ती नुसती 'इकडे, इकडे, अजून थोडं' म्हणाली) आणि ठेवलं. स्वतःच्या कामात सगळ्यात मोठं सुख कोणतं, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं. आपली खुर्ची कुठे ठेवायची ते आपण ठरवायचं.

कंपनीत ती गाड्यांच्या वायरिंगच्या लाईनवर क्वालिटीला होती. समोरून वायरींचे जुडगे सरकत येणार, ती कनेक्टर ओढून बघणार, बरोबर असेल तर हिरवा ठिपका, चूक असेल तर लाल डबा. पावणेसहाला आकुर्डीहून बस, तळवड्याच्या चौकात ठरलेला खोळंबा, सातला पंच. काम वाईट नव्हतं. बायका तर फारच चांगल्या होत्या. पण अकरा वर्षांत तिने एकही वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केली नव्हती. दुसऱ्यांनी केलेल्यातल्या चुका काढायच्या, बस.

प्रितम चाकणला दुसऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सचा फिटर. त्याचे पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर एका गोणपाटात असायचे आणि एक पाना हवा असला की अख्खं गोणपाट उपडं करावं लागायचं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मिनलने शेजारच्या छबूबाईंचं पायमशीन मागून घेतलं आणि प्रितमच्या जुन्या जीन्समधून त्याला एक गुंडाळायची पिशवी शिवून दिली. प्रत्येक हत्याराला एक कप्पा, वर झाकण, बांधायला नाडी. फिटर लोक त्याला टूल रोल म्हणतात. तिने कप्पे सरळ न शिवता थोडे तिरके शिवले, म्हणजे रोल मांडीवर उघडला की पाना आपण होऊन हाताकडे झुकतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. प्रितम पाना कसा खेचतो ते ती बघत बसली होती, त्यातून सुचलं.

पंधरा दिवसांत प्रितमच्या खात्यातले चौघे मागे लागले. मग त्यांचे मित्र, मग मित्रांचे मित्र. चार महिन्यांपूर्वी मिनलने नोकरी सोडली आणि पीएफमधून जाड कॅनव्हास शिवणारं एक जुनं पॉवर मशीन घेतलं. मशीन चालू झालं की घरातल्या भांड्यांना कंप सुटायचा. मिनलला तो आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा आवडायचा.

हे झालं सुखाचं. आता दुसरी बाजू.

घरी असलेली बाई म्हणजे रिकामी बाई, अशी सगळ्या गल्लीची पक्की समजूत होती. छबूबाई तर रोज सकाळी दारात हजर.

"मिनल, गॅसवाला आला तर माझी टाकी घेऊन ठेव गं."

"मावशी, मी कामात असते."

"हो, पण घरातच ना."

एका मंगळवारी तर तिच्या दारात तीन टाक्या, कुणाचं तरी कुरियर आणि समोरच्यांचं झोपलेलं बाळ, एवढा सगळा माल जमा होता. कंपनीत साडेतीनला भोंगा झाला की काम जागच्या जागी राहायचं. घरात भोंगा कोण वाजवणार? पोळी लाटता लाटता तिला न लावलेली नाडी आठवायची आणि तव्यावरची पोळी करपायची. आणि डबा. कंपनीत दुपारी आठ डबे एकदम उघडायचे, स्वतःची भाजी तिच्या वाट्याला क्वचितच यायची. आता रोज एकटीने बसून स्वतःचीच भाजी.

म्हणूनच त्या रविवारी सुमनताईंचा फोन आला तेव्हा तिच्या तोंडातून 'नाही' निघालं नाही. सुमनताई तिच्या जुन्या लाईनच्या लीडर.

"तुझ्या जागेवरची पोरगी सोडून गेली," त्या म्हणाल्या. "यावेळी मी साहेबांशी पर्मनंटचं बोलून ठेवलंय. शुक्रवारी दुपारपर्यंत सांग, नाहीतर दुसरीला घेतील."

"हातात एक मोठी ऑर्डर आहे, ताई. विचार करते."

"चार महिने काय करत होतीस मग?"

पर्मनंट. अकरा वर्षं जो शब्द लांबून दिसायचा, तो आता घरी चालत आला होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मिनलकडे आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर होती. महाळुंग्याला फिटरचं काम शिकवणारं एक केंद्र आहे, तिथले ज्योतीराम सर. शुक्रवारी सकाळी आठला त्यांची साठ जणांची नवी बॅच सुरू होणार होती आणि प्रत्येकाला एक रोल हवा होता.

मिनलने त्या संध्याकाळी घरात जाहीर केलं, "साठ रोल शुक्रवारी आठला पोचले तर घरचं काम चालू. नाही पोचले तर मी सुमनताईंना हो म्हणणार. सगळ्यांसमोर सांगतेय, म्हणजे नंतर शब्द फिरवायला नको."

तनुजा दहावीत. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं. "आई, हे एका युनिट टेस्टवरून शाळा सोडण्यासारखं आहे."

"तू तुझ्या युनिट टेस्टचं बघ."

मिनलचे सासरे धोंडीबा, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, ते मात्र खूश झाले. नानांची तीस वर्षं आकुर्डीतल्या एका कारखान्यात गेली. आधी फिटर, आणि शेवटची आठ वर्षं प्लॅनिंगच्या फळ्यावर आकडे लिहायला. रिटायर झाल्यापासून त्यांना लिहायला आकडे मिळाले नव्हते. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून भिंतीला लावलं, स्केचपेनने दोन रकाने काढले, 'प्लॅन' आणि 'झाले', आणि खाली लिहिलं: रविवार आठ (हे झालेलेच होते), सोमवार दहा, मंगळवार दहा, बुधवार दहा, गुरुवार बावीस.

"नाना, गुरुवारी एकदम बावीस?"

"मग? प्रितमला सुट्टी हाय. त्यो कापड कापंल, मी कड्या ठोकीन, छबूबाई कडंनं पट्टी मारंल. तू फकस्त मेन शिलाई घ्यायची. गुरुवार म्हंजी आपली फुल स्ट्रेंथ."

आमच्या या सगळ्या पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्यामुळे नानांचं गणित सगळ्यांना पटलं. प्रितम म्हणाला, "लय भारी." तनुजाने पान तपासून बेरीज साठ येते असं सांगितलं.

बुधवारी संध्याकाळपर्यंत अडतीस रोल तयार होते. प्लॅनप्रमाणे, एक कमी नाही. मिनल प्रत्येक रोलच्या प्रत्येक कप्प्यात प्रितमचा सगळ्यात जड पाना घालून ओढून बघायची. सवयच ती. मग आतल्या बाजूला हिरव्या पेनचा एक बारीक ठिपका. तो दुसऱ्या कुणी मागितला नव्हता.

गुरुवारी सकाळी आठला सगळे कामाला लागले. प्रितमने बाहेरच्या पॅसेजमध्ये कॅनव्हास अंथरला आणि कात्री चालवायला सुरुवात केली. नाना पाटावर बसून नाडी ओवायच्या पितळी कड्या ठोकत होते, ठक ठक ठक, आणि दर दहा कड्यांनंतर 'चहा कुठवर आला' असं विचारत होते. छबूबाईंनी आपलं पायमशीन स्वतःच्या उंबऱ्याशी ओढून घेतलं होतं. मिनल मधोमध. डावीकडून कापलेलं कापड येत होतं, उजवीकडे शिवलेला रोल जात होता. तिला एकदम वाटलं, ही आपली लाईन आहे. अख्खी आपली. दोन रोल झाले, तिसरा अर्ध्यावर आला, आणि साडेनऊला मशीनने 'ऊंऽऽ' असा लांब सूर काढून मान टाकली.

वरचा पंखा आणखी चारदा फिरला आणि थांबला. कात्री थांबली. हातोडी थांबली.

"लाईट गेली," प्रितम म्हणाला.

"येईल," मिनल म्हणाली.

छबूबाईंचं पायमशीन मात्र चालूच होतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "कशाची येतीये. आज गुरुवार ना. आता पाचला."

गुरुवारी लाईट जाते हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. पण गुरुवारी मिनलने कधी मशीनला हातच लावला नव्हता. कंपनीत होती तेव्हा तो सुट्टीचा दिवस, आणि घरी काम सुरू केल्यावरही प्रितमला सुट्टी म्हणून तोच तिचाही. गुरुवारी मंडई, गुरुवारी राजगुरुनगरला माहेरी, गुरुवारी कुणाचं तरी बारसं. लाईट नाही म्हणून तर बाहेर पडायचं. आणि नाना? या पट्ट्याला गुरुवारचीच सुट्टी का, हे नाना येईल त्या पाहुण्याला समजावून सांगायचे. लाईट सगळ्यांना एकाच वेळी पुरत नाही, म्हणून ज्याचा त्याचा वार वाटून दिला, असं. शंभर वेळा तरी सांगितलं असेल. आणि त्याच हाताने त्यांनी गुरुवारसमोर बावीस लिहिले होते.

नानांनी हातोडी खाली ठेवली. "तीस वर्षं फळ्यावर गुरवारचा रकाना कुणी काढलाच न्हाई," ते म्हणाले. "मी पहिल्यांदा काढला. आन मला वाटलं, लई हुशारी केली."

मिनलला हसायचं नव्हतं. पण त्यांचं तोंड बघून तिला हसू फुटलं, मग प्रितमला, मग नानांनाही. मिनिटभर सगळे नुसते हसत होते. मग हसू संपलं आणि मशीन तसंच गप्प होतं.

प्रितमने फोन लावायला सुरुवात केली. शेजारच्या इन्व्हर्टरवर पंखा चालतो, हे मशीन एक टाकाही घेणार नाही. ओळखीच्या मंडपवाल्याचा जनरेटर सकाळीच साखरपुड्याला गेला होता. गुरुवारी आमच्याकडे साखरपुड्यांची रांग लागते. मग छबूबाईंच्या पायमशीनवर मेन शिलाई मारून बघितली. कॅनव्हासचे चार थर. पहिली सुई टक्कन मोडली. दुसरी पण.

"माझं मशीन परकर-ब्लाऊजचं आहे बाई," छबूबाईंनी मशीनवर हात ठेवला, जसा कुणी तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. "त्याला रणगाडा शिवायला लावू नकोस."

मग जे विजेशिवाय होतं ते करायचं ठरलं. प्रितमने राहिलेलं सगळं कापड कापून टाकलं, नानांनी कड्या संपवल्या, छबूबाईंनी पट्ट्या. मिनल खडूने शिलाईच्या रेघा मारत बसली. ऊन भिंतीवर चढलं, गेलं, तिचं लक्ष नव्हतं.

दोन वाजता तनुजा शाळेतून आली. तोपर्यंत मिनलचा हिशोब झाला होता. चाळीस तयार. पाचला लाईट आली तर नऊपर्यंत चार तास, एका रोलला अर्धा तास, म्हणजे आठ. अठ्ठेचाळीस.

"नऊलाच का थांबायचं?" प्रितम म्हणाला. "सलग बसू की. मी जागतो तुझ्याबरोबर. पहाटेपर्यंत वीसच्या वीस होतील."

"थर्ड शिफ्ट काढू," नाना म्हणाले. त्यांचे डोळे चमकले.

मिनलने मान हलवली. "थर्ड शिफ्टचा माल मी तपासलाय, नाना. पहाटे तीननंतर लाल डबा कसा भरतो ते मला विचारा. माझ्या हातचे रोल मला त्या डब्यात टाकायचे नाहीत."

"मग?"

"मग फोन करायचा."

हे बोलायला सोपं होतं. कंपनीत काही बिघडलं की मिनल सुमनताईंना सांगायची, सुमनताई सुपरवायझरला, सुपरवायझर मॅनेजरला, आणि मॅनेजर गिऱ्हाइकाला मेल करायचे. तिथे पोचेपर्यंत त्या चुकीला कुणाचाच चेहरा उरायचा नाही. अकरा वर्षांत मिनलने एकदाही गिऱ्हाइकाचा आवाज ऐकला नव्हता. आता वर कुणी नव्हतं. खाली पण कुणी नव्हतं. एक फोन आणि ती.

ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्याली, बाहेर आली, परत आत गेली आणि साबणाने हात धुतले.

"आई, हात धुऊन फोन करायचा असतो का?" तनुजाने विचारलं.

"गप."

"काय बोलायचं ते मी लिहून देऊ?"

"नको. लिहिलेलं वाचलं की मी भाषण केल्यासारखी बोलते."

तिने नंबर लावला.

"सर, मिनल बोलतेय, आकुर्डीहून. टूल रोलवाली."

"बोला ताई. उद्या आठला ना?"

"उद्या आठला अठ्ठेचाळीस येतील. साठ होत नाहीत."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. सरांनाही सुट्टीच होती. "का?" त्यांनी विचारलं.

मिनलच्या जिभेवर तीन कारणं रांगेत उभी होती. दोरा उशिरा आला, मशीन बिघडलं, सासरे आजारी आहेत. सासरे समोर बसून कान टवकारून ऐकत होते.

"आज इथे लाईट नाही," ती म्हणाली. "आणि प्लॅन करताना आज गुरुवार आहे हे आम्ही विसरलो."

"गुरुवार विसरलात? तुम्ही महाळुंग्यात अकरा वर्षं होतात ना?"

"तेव्हा गुरुवारी मला काम नसायचं, सर."

ज्योतीराम सरांचा आवाज आला, शांत, पण त्यात गोडवा नव्हता. "ताई, उद्या साठ पोरं-पोरी माझ्यासमोर उभी राहणार. त्यातल्या बारा जणांना मी काय सांगू? गुरुवार होता म्हणून?"

"तुम्ही नका सांगू. मी येऊन सांगते. बारा रोल सोमवारी सकाळी देते." शनिवारपर्यंत होतील असं तिला वाटत होतं, पण आता तिने मुद्दाम सोमवार म्हटलं.

"या मग," सर म्हणाले. "पण पुढच्या बॅचचं मी आज काही बोलत नाही." फोन बंद झाला.

घरात सगळे तिच्याकडे बघत होते. तिने जाहीर केलेला नियम सगळ्यांच्या लक्षात होता आणि कुणालाच तो बोलून दाखवायचा नव्हता. शेवटी तनुजानेच विचारलं, "मग आता सुमनताईंना हो?"

"उद्या दुपारपर्यंत वेळ आहे," मिनल म्हणाली आणि खडू उचलला.

लाईट पाच वाजून दहा मिनिटांनी आली. नऊला आठवा रोल झाला, आठवा ठिपका पडला, आणि तिने मशीन बंद केलं. नानांनी 'झाले'च्या रकान्यात बावीससमोर दहा लिहिले. खाडाखोड केली नाही.

शुक्रवारी प्रितम पहिल्या शिफ्टला गेला. मिनल दोन मोठी बोचकी घेऊन रिक्षाने महाळुंग्याला पोचली, आठला दहा कमी असताना. केंद्राच्या शेडमध्ये साठ जण रांगेत बसले होते, नवेकोरे निळे शर्ट, खिशावरच्या घड्या तशाच. ज्योतीराम सरांनी तिच्याकडे हात केला आणि बाजूला झाले. बोला तुम्हीच.

मिनलने बोचकी खाली ठेवली. "हे रोल मी शिवलेत. साठ द्यायचे होते, अठ्ठेचाळीस झाले. माझा अंदाज चुकला. बारा जणांना सोमवारी मिळतील. मागच्या बारा जणांनी मला शिव्या दिल्या तरी चालतील, पण मनात द्या."

शेडमध्ये खसखस पिकली. सरांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. वाटप झालं, हत्यारं वाटली गेली, आणि मिनल भिंतीशी उभी राहून बघत राहिली. निघून जाता आलं असतं. पण आपण केलेली वस्तू लोक पहिल्यांदा हातात घेतात तेव्हा कसं दिसतं, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. पाने कप्प्यांत जात होते, झाकणं मिटत होती, नाड्या बसत होत्या. बघून तिचं पोट भरत होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेत खणखणाट झाला. एका उंच पोरीच्या रोलमधून सगळे पाने जमिनीवर सांडले होते.

"मॅडम, हे उलटं शिवलंय," ती म्हणाली.

मिनल जवळ गेली. "उलटं कसं असेल? मांडीवर घे. आता पाना काढ."

पोरीने डावा हात पुढे केला. पाना तिच्या हातापासून लांब, पलीकडे झुकलेला. तिला मनगट वाकडं करून तो ओढावा लागत होता, म्हणूनच तिने रोल फिरवून घेतला होता आणि पाने सांडले होते. मिनलने तो रोल हातात घेतला. एक टाका चुकलेला नव्हता. आत हिरवा ठिपका होता. आणि तरी या पोरीसाठी तो रोल लाल डब्यातला होता.

"तू सगळं डाव्या हाताने करतेस?"

"जेवण सोडून सगळं."

मिनलने वळून आवाज मोठा केला. "अजून कोण कोण डाव्या हाताने काम करतं?"

जरा चुळबुळ झाली. मग इथे एक, तिथे दोन असे हात वर गेले. पोरीला धरून पाच. पाचही डावे.

"सर," मिनल म्हणाली, आणि ती बोलायला लागल्यावर तिला कळलं की आपण कुणाची परवानगी मागत नाही आहोत, "या पाच जणांचे रोल मागच्या बारांतल्या पाच जणांना द्या. बाकीचे बारा मी अजून शिवलेले नाहीत. त्यातले पाच डाव्या हाताचे करते. फक्त कप्प्याची रेघ दुसरीकडे झुकवायची, बाकी सगळं तेच."

"सोमवारीच?"

"सोमवारीच."

ज्योतीराम सरांनी एका पोराकडून रोल घेतला, उघडला, आधी उजव्या हाताने पाना काढला, मग डाव्या. दोनदा करून बघितलं. "मी दहा वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "डावी पोरं हळू काम करतात असंच धरून चाललो होतो." मग रोल परत देत म्हणाले, "सोमवारी ते पाच बघू. मग पुढच्या बॅचचं बोलू."

'हो' नाही, पण 'नाही' पण नाही. मिनल तिथून निघाली.

तिची जुनी कंपनी तिथून चालत दहा मिनिटांवर. जेवणाच्या सुट्टीला ती गेटसमोरच्या टपरीवर जाऊन थांबली आणि सुमनताईंना फोन केला. सुमनताई आयकार्ड गळ्यात, ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या.

"आलीस? बरं झालं. फॉर्म आत्ताच भरून टाक."

"नको, ताई."

"म्हणजे ऑर्डर पुरी झाली."

"नाही झाली. बारा राहिले."

सुमनताईंनी डोळे बारीक केले. "मग डोक्यावर पडलीस का?"

मिनलने त्यांना त्या पोरीचं सांगितलं. सांडलेले पाने, पाच डावे हात, झुकवायची रेघ, सगळं. सांगता सांगता तिचेच हात हवेत कप्पे शिवायला लागले होते. "पोरीने सांगितलं आणि मी तिथल्या तिथे ठरवलं, ताई. मी घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, वेळेत झालं तरच मी या कामाची. पण आज वेळेत नव्हतं, आणि तरी सकाळपासून मला एकदाही इथे परत यावंसं वाटलं नाही."

"आणि पर्मनंट?"

"त्याचं वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू."

"वाटायलाच पाहिजे. साहेबांपुढे किती नाचले मी तुझ्यासाठी." सुमनताईंनी तिच्या दंडाला धरून जरा हलवलं, जोरातच. "जागा गेली की गेली हं, मिनल. मी परत फोन करणार नाही."

"माहिती आहे."

आत बेल झाली. सुमनताई वळल्या आणि लगबगीने गेटमधून आत गेल्या. त्यांच्या मागोमाग टपरीवरच्या चार-पाच बायका, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत, कुणाच्या तरी नणंदेवर हसत. मिनल त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ते गेट आता तिच्यासाठी फक्त एक गेट होतं. मग आकुर्डीच्या बाजूची बस दिसली आणि ती धावली.

घरी पोचली तेव्हा नाना एकटेच होते, कापलेल्या कॅनव्हासच्या गठ्ठ्याशेजारी बसलेले. त्यांनी मान वर केली.

"सुमनताईंना नाही म्हणून आले," मिनल म्हणाली.

नानांनी एकदाच मान हलवली, मोठी. "आन सर?"

"सोमवारी कळेल. पण नाना, बारांतले पाच वेगळे करायचेत. डाव्या हाताचे." तिने पोरीचं पुन्हा सांगितलं, आता दुसऱ्यांदा, आणि या वेळी ते जरा लांबलं.

नाना कॅनव्हासच्या गठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाले, "आमच्या खात्यात तिघं व्हतो."

"कोण तिघं?"

"डावरे." त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. "फोरमन म्हनायचा, कंपनीची हत्यारं उजवी हायेत, तू बी उजवा हो. झालो. शाळेत मास्तरनं निम्मा केलाच व्हता. ल्हेतो बी उजव्यानं. कुणी विचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

सोळा वर्षं एका घरात, आणि मिनलला हे माहीत नव्हतं. तिने कॅनव्हासचा एक तुकडा पाटावर पसरला आणि खडू त्यांच्या पुढे धरला.

"मग रेघा तुम्ही मारा, नाना. किती झुकवायच्या ते मला कळायचं नाही."

नानांनी खडू उजव्या हातात घेतला, थांबले, आणि डाव्या हातात दिला. पहिली रेघ वाकडी गेली. त्यांनी ती बोटाने पुसली. दुसरी जरा बरी आली. तिसरी मारण्याआधी त्यांनी मिनलकडून तपासणीचा तो जड पाना मागून घेतला, कापडावर ठेवला, डाव्या हाताने उचलला, पुन्हा ठेवला, थोडा फिरवला, पुन्हा उचलला.

"हां," ते म्हणाले, "आत्ता आला हातात." आणि त्या पान्याच्या कडेने त्यांनी वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

मिनलने मशीन चालू केलं. स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली.